झिपरोबाच्या हजार फेऱ्या

एका जंगलात वीज आली, मुलांनो, आणि विजेपाठोपाठ छंद आले. झिपरोबा नावाच्या अस्वलाने घरच्या घरी लाकूड कातायचे मशीन गुहेत आणून बसवले. त्यात लाकूड गरागरा फिरते. त्याला पटाशी टेकवली की गोल चाक तयार होते. वेग कमीजास्त करायला पुढे एक बटण होते आणि झिपरोबाचा सगळा जीव त्या बटणात.

शेजारची साळिंदरीण साळूबाई आली. तिचे पिल्लू टोचन अजून धरल्याशिवाय चालत नव्हते. तळे तर आटत चालले होते. पंधरा दिवसांत सगळ्यांना नदीकडे निघायचे होते, आणि काटेरी पोर पाठीवर घेणार कोण?

"भावजी, पांगुळगाड्याला तीन चाकं कातून द्या. धरून धरून येईल बिचारा."

"तीन काय, तीस देतो वहिनी! आधी फक्त वेग तपासतो. बटण हजारावर ठेवलं तर मिनिटाला फेऱ्या हजारच व्हायला नकोत?"

त्याने वेगमापक मागवला. मापक म्हणाला, नऊशे चौऱ्याण्णव. झिपरोबाला मध गोड लागेना. उरलेल्या सहा फेऱ्या गेल्या कुठे? मापकच खोटा असेल म्हणून दुसरा मागवला. तो म्हणाला, एक हजार तीन. मग दोघांतला खरा कोण हे ठरवायला तिसरा आला. साळूबाई रोज येऊन उंबऱ्याशी बसायची. झिपरोबा स्क्रू पिळत राहायचा.

चौदाव्या दिवशी तिन्ही मापक एकदाचे हजारावर आले. झिपरोबा नाचला. साळूबाईने घाईघाईने सागाचा ओंडका पुढे केला. लाकूड चढले, पटाशी टेकली आणि आकडा घसरला. नऊशे सत्तर! झिपरोबाने झटक्यात लाकूड काढून फेकले. आकडा पुन्हा हजार.

"सापडला दोष!" तो ओरडला. "मशीन ठणठणीत आहे वहिनी. दोष लाकडात आहे."

"अहो, पण चाकं?"

"लाकूड लावलं की अचूकपणा गेला. ते पाप माझ्या हातून व्हायचं नाही."

साळूबाईचे काटे ताठ उभे राहिले. ओंडका घरी नेऊन तिने रागारागाने दातांनीच तीन चाके कुरतडली. एक लांबट झाले, एक चौकोनी. तिसऱ्याबद्दल न बोललेले बरे. दुसऱ्या दिवशी पांगुळगाडा खडखडत निघाला. टोचन पडला, रडला, पुन्हा उठला.

जाताना साळूबाई गुहेशी थांबली. कितीही झाले तरी शेजारी. "चला हो भावजी, तळ्यात थेंब उरला नाही."

"पुढे व्हा तुम्ही. उन्हाने आकडा हलतो का, तेवढं बघतो."

टोचन तिसऱ्या दिवशी नदीवर पोचला आणि पोट फुटेस्तोवर पाणी प्यायला. झिपरोबाची जीभ तेव्हा टाळूला चिकटली होती. समोर रिकामे मशीन फिरत होते. हजार. बरोब्बर हजार.

तात्पर्य: मुलांनो, लाकूड न लावल्यास कोणतेही मशीन अचूक चालते. तेव्हा कामाला हात लावून आपली अचूकता बिघडवू नका. वाकड्या चाकांवर नदी गाठणारे अडाणी जगात ढिगाने आहेत. तुम्ही शिकलेसवरलेले, तुम्ही हजारावरच मरा.