अडकलेली कील

सोआझिगला आंघोळ करायची होती आणि टबात समुद्राचं पाणी होतं. पाण्यात चार जातींच्या तारा, दोन कप्प्या आणि मूठभर खिळे पहुडले होते.

"गुल्वेन! हा टब आहे की भंगाराचं दुकान?"

"प्रयोग चालू आहे," बाहेरून आवाज आला. "एकवीस दिवस हात लावायचा नाही."

गुल्वेन हा वान नावाच्या शहरातल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झाला होता. आता शिकवायला बायको आणि एक शिडाची होडी एवढंच उरलं होतं. होडीखाली लोखंडाचं जाडजूड पातं होतं. त्याला कील म्हणायचं. खोल पाण्यात ती खाली सोडायची, किनारा आला की हातरहाट फिरवून पोटात ओढून घ्यायची, म्हणजे होडी वाळूवर सपाट बसते. गेल्या हंगामात कील ओढायची तार गंजून तुटली, तेव्हापासून गुल्वेनच्या डोक्यात एकच खूळ होतं: या वेळी असं सामान बसवायचं, की ते आपल्यामागेही टिकलं पाहिजे.

सोआझिगचा भाऊ ट्युगदाल बेटावर कालवं पिकवायचा. त्यानं फोनवर सल्ला दिला, "साधी जस्त चढवलेली तार घाल, ग्रीस फास, तीन वर्षांनी बदल. बाबा तेच करायचे."

"बाबांना रसायनशास्त्र कुठे येत होतं?"

"नव्हतं येत. होडी मात्र येत होती."

एकवीस दिवसांनी उत्तम प्रतीची स्टेनलेस तार पहिली आली. कप्पी काशाची ठरली. कील वरखाली होताना घासू नये म्हणून दोन्ही बाजूंना नायलॉनच्या पट्ट्या बसल्या. त्या मात्र टबात गेल्या नव्हत्या.

"यांची परीक्षा नाही घेतलीस?" सोआझिगनं विचारलं.

"नायलॉन कधी गंजतं का?" गुल्वेन दयेनं हसला. कील आणि पट्ट्यांमधली फट त्यानं मोजून अर्धा मिलिमीटर ठेवली. जमिनीवर कील लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. मग होडी पाण्यात उतरली आणि तीन आठवडे कील खाली सोडून धक्क्याला उभी राहिली.

जूनमध्ये सासूबाईंना, मादाम अझेनोर यांना, ऐंशी वर्षं पूर्ण झाली. जेवण ट्युगदालकडे, बेटावर. "फेरीबोट कशाला? मी आणतो आईंना," गुल्वेननं जाहीर केलं होतं. निघताना सासूबाई मांडीवर केक घेऊन ताठ बसल्या. वारा छान होता. बेट जवळ आलं, ओहोटी लागलेली. किनाऱ्यावर सत्तावीस नातेवाईक हात हलवत होते आणि त्यांच्यापुढे बेटाचे महापौर भाषणाची तीन पानं घेऊन उभे होते.

गुल्वेननं रहाट फिरवला. तार ताणली, कप्पी कुरकुरली, कील जागची हलली नाही.

"काय झालं?" सोआझिग.

"काही नाही. जरा... नवीन आहे ना."

त्यानं पाय लावून जोर केला. रहाटाचा दांडा हातात आला. तेवढ्यात खालून 'घर्रर्र' झालं, होडी थांबली आणि सावकाश, अगदी सभ्यपणे, एका कुशीवर कलली.

"केक!" सासूबाई ओरडल्या.

केक वाचला. गुल्वेन हातात दांडा घेऊन घसरत कठड्यापाशी जाऊन आदळला.

"नायलॉन पाणी पितं रे, मास्तरा!" किनाऱ्यावरून ट्युगदाल बोंबलला. "फुगतं! कुणालाही विचारायचंस!"

किनारा दोनशे पावलं दूर होता. पाणी मात्र भराभर निघून गेलं आणि होडी ओल्या वाळूवर दमलेल्या गाईसारखी आडवी झाली. सासूबाईंनी चपला काढल्या, स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचला आणि त्या खाली उतरल्या.

"मी इथून हलणार नाही. टेबलं इकडे आणा."

टेबलं आली, कालवं आली, सफरचंदाच्या साइडरच्या बाटल्या आल्या. सत्तावीस माणसं अनवाणी चिखल तुडवत आली. गुल्वेन होडीच्या आडोशाला लपून बसला होता. सोआझिगनं त्याच्या हातात बशी दिली. "खा. उद्या तुझी होडी विकणार आहे मी. आज खा."

केकच्या वेळी महापौर उठले. पहिलं पान अर्ध्यावर आलं असेल, तोच भरतीचं पाणी त्यांच्या बुटांत शिरलं. दुसरं पान वाऱ्यानं नेलं. तिसरं त्यांनी स्वतःच खिशात घातलं आणि खुर्ची उचलून पळाले.

सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना धरावं लागलं. "गेली अकरा वर्षं हा गृहस्थ दर वाढदिवसाला माझ्या ताटातलं चीज वाळेपर्यंत बोलतो. आज समुद्रानं त्याला गप्प केलं!" त्यांनी जावयाचे दोन्ही गाल ओढले. "पोरा, तुझ्यासारखा हुशार माणूस नाही पाहिला."

होडी विकायची गोष्ट तिथेच बुडाली.

हिवाळ्यात गुल्वेननं नायलॉन उपटून टाकलं, फुगणार नाही असं प्लास्टिक आणलं, या वेळी तीन आठवडे टबात भिजवलं आणि फटही ऐसपैस ठेवली. पुढच्या जूनमध्ये वाढदिवसासाठी तो पुन्हा सासूबाईंना घेऊन निघाला. बेट जवळ आलं, त्यानं एका बोटानं रहाट फिरवला आणि कील सुर्रकन वर येऊ लागली. त्याचा चेहरा उजळला.

किनाऱ्यावर महापौर उभे होते. हातात पाच पानं होती, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेली.

सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरून पानं मोजली. मग जावयाकडे वळल्या.

"गुल्वेन, कील अडकलीय ना?"

गुल्वेननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या निर्दोष कप्पीकडे. मग दात-ओठ खात त्यानं रहाट उलटा फिरवला.

"हो आई. काही केल्या हलत नाही."