अक्कांच्या घरातल्या पाच पाठी

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शांतव्वा अक्का राहतात. दोन खोल्यांचं घर. त्यातली बरी खोली, म्हणजे उत्तरेची, खिडकीची आणि पंख्याची, त्यांनी घोड्यांच्या पाच जिनांना दिली आहे. अक्का स्वतः स्वयंपाकघरात गादी टाकून झोपतात. कोणी भेटायला आलं तर त्यालाही तिथंच बसवतात, फ्रिजला पाठ लावून.

मी त्यांच्या बरोबर खाली राहतो. एका क्लासमध्ये गणित शिकवतो. तास सकाळी आणि संध्याकाळी, त्यामुळं दुपारी घरीच असतो. राहायला आलो त्याच आठवड्यात, चारच्या सुमारास, डोक्यावरून एक आवाज यायला लागला. करर्र. मग थांबायचा. परत करर्र. नव्या चपलेसारखा. पण चप्पल चालत पुढं जाते, हा आवाज एकाच जागी चालत होता.

चार दिवस ऐकून घेतला. पाचव्या दिवशी वर गेलो.

अक्कांनी दार अर्धं उघडलं. सत्तरी ओलांडलेली, लहान चणीची, ताठ बाई. कपाळावर विभूती. माझ्या तोंडाकडं बघायच्या आधी त्यांनी पायाकडं बघितलं आणि विचारलं, “पाय ओलं न्हाईत न्हवं, पावणं?”

न्हाईत म्हटल्यावर आत घेतलं. पण हळू बोला म्हणाल्या.

खोलीची खिडकी जाड पडद्यानं झाकलेली. कोपऱ्यात एक बारका पिवळा दिवा, दमट हवा मारायला दिवसभर चालू ठेवलेला. आणि भिंतीला लागून पाच पांढऱ्या चादरी. प्रत्येक चादरीखाली कमरेएवढ्या उंचीवर काहीतरी पाठ वर करून उभं होतं. डोकं कुणालाच नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी उंबऱ्यापर्यंत मागं आलो. अक्का मात्र पुढं झाल्या आणि झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारावं तशी पहिली चादर त्यांनी सारली. खाली लाकडी घोडी, आणि तिच्यावर चामड्याचं जीन.

“ही राणी,” त्या म्हणाल्या. मग पुढच्या चादरींवर हात ठेवत ओळख करून दिली. चंद्री, सरदार, बिजली आणि तुफान. तुफान सगळ्यांत संथ होता म्हणे. त्याच्यावर बसलेलं गिऱ्हाईक कधी कधी उतरून चालत पुढं जायचं.

अक्कांचे यजमान मल्लाप्पा पन्हाळ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचे. अक्का तिथल्याच एका कार्यालयात टायपिस्ट होत्या. मल्लाप्पा अचानक गेले, मूलबाळ नव्हतं. घोडे साताऱ्याकडच्या एका माणसाला दिले. त्याला जिनंही हवी होती. अक्का म्हणाल्या, न्हाय.

आवाजाचं विचारलं तर म्हणाल्या, “चामडं हाय. बोलतंय.” आणि चादर परत ओढली.

त्यानंतर जिन्यात भेटल्या की मला शिकवायला लागल्या. मी विचारलेलं नसायचं. जीन जमिनीवर ठेवायचं नाही, खुंटीला टांगायचं नाही, घोड्याच्या पाठीसारखी लाकडी घोडी करून तिच्यावरच ठेवायचं. एकावर एक रचायचं नाही. प्लास्टिक घालायचं नाही, आत घाम धरतं आणि बुरशी येते. सुती चादर घालायची. ऊन नको, चुलीची धग नको. तेल द्यायचं ते दोन थेंब. जास्त पाजलं की चामडं “माजतंय आन् ढिलं पडतंय, मानसासारखंच.” एवढं सांगून झालं की ठरलेलं वाक्य यायचं, “जीन म्हंजे खुर्ची न्हवं सर, पाठ हाय पाठ.”

इमारतीचे चेअरमन एकदा गळती बघायला वर गेले आणि उघड्या दारातून त्यांना त्या चादरी दिसल्या. घरात पावणं आल्यात काय, असं त्यांनी घाबरत विचारलं. अक्का म्हणाल्या, व्हय, पाच. दुसऱ्या दिवशी खाली फळ्यावर सूचना लागली, ‘सदनिकेत खोगीरभरती करू नये.’ संध्याकाळपर्यंत तिच्याखाली टाइप केल्यासारख्या अक्षरात उत्तर आलं होतं, ‘खोगीर नाही. जीन आहे. फरक समजून घ्यावा.’ चेअरमन पुन्हा वर गेले नाहीत. गळती अजून आहे.

गेल्या पावसाळ्यात अक्कांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आठ दिवस बेळगावला भाचीकडं राहायचं होतं. किल्ली माझ्याकडं दिली. रोज सकाळी एकदा हवा खेळती करायची, चादरी उचलून नजर टाकायची, हे तीनदा वदवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा ओतत होतो. डोक्यावर आवाज झाला. करर्र.

घर बंद होतं. किल्ली माझ्या खिशात होती. परत करर्र झालं, तेव्हा मी वर गेलो. कुलूप मी लावलं होतं तसंच होतं. आत चार चादरी जागच्या जागी. राणीची चादर जमिनीवर पडलेली, आणि उघडं जीन त्या पिवळ्या उजेडात घामेजल्यासारखं चमकत होतं.

मग खिडकी दिसली. सकाळी मीच उघडली होती आणि लावायला विसरलो होतो. वाऱ्यानं चादर पाडली, झडीनं जीन भिजलं, ओलं चामडं करकरलं. गणिताचा माणूस, तीन ओळींत उत्तर काढून मोकळा झालो. ओल कुठवर गेली हे बघायला जिनाखाली, जिथं घोड्याची पाठ टेकते तिथं, हात घातला.

तिथं ऊब होती. दिवा दुसऱ्या कोपऱ्यात होता.

मी अक्कांना फोन लावला. माझा आवाज कसा झाला असेल कोण जाणे, पण त्यांनी काय झालं हे विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, “चार वाजलं असतील न्हवं?”

हो म्हणालो. मग त्यांनी शांतपणे एकेक सांगितलं. खिडकी लावा, कोरड्या फडक्यानं टिपा, घासू नका, पंखा लावा. “आन् सर, हात ठेवून जरा वेळ तिच्यापाशी ऱ्हावा. बावरली आसंल.”

मी राहिलो. तळहाताखाली तो आवाज आणखी दोनदा झाला, मग थांबला.

अक्का आल्या त्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन. पिशवीही खाली न ठेवता राणीकडं गेल्या, वाकून वास घेतला. काठाला बुरशीचा पांढरा ठिपका धरला होता. मी खिडकीचं कबूल केलं आणि बोलणी खायला उभा राहिलो. त्या फडक्यानं ठिपका टिपत बसल्या. तेव्हा मी सरळच विचारलं, तुम्ही नसताना इथं कोण होतं?

“मला काय ठावं,” त्या म्हणाल्या. “मी असताना मी असते. मी बसते तिच्यावर.”

मग हळूहळू सांगितलं. मल्लाप्पांच्या संसारात सगळा जन्म घोड्यांत गेला, पण अक्का घोड्यावर कधी बसल्या नाहीत. जनावराची भीती. रोज चारला, गर्दी ओसरली की, मल्लाप्पा राणीला घेऊन कार्यालयाच्या फाटकाशी यायचे. एक चक्कर मार की, मी लगाम धरतो, म्हणायचे. अक्का म्हणायच्या, उद्या.

“त्या दिवशी बी मी उद्याच म्हनाले,” अक्का म्हणाल्या. “दुसऱ्या दिशी मालकच न्हवतं.”

बाहेर झड चालू होती. घड्याळात चार होत आले होते. अक्कांनी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि रिकिबीत पाय घालायला गेल्या. पट्टीमुळं अंदाज येईना. पाय दोनदा हवेतच फिरला. मी पुढं होऊन रिकीब धरली. त्या वर चढल्या आणि भिंतीवरचा लगाम काढून द्यायला सांगितलं. त्याचं एक टोक जिनाच्या पुढच्या कडीत ओवलं, दुसरं माझ्या हातात दिलं. मी राणीचं डोकं असायला हवं होतं तिथं, पुढं तोंड करून उभा राहिलो. मागं करर्र झालं.

“कुठवर आलो, सर?” बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

मी वळून बघितलं. उघडा डोळाही त्यांनी मिटून घेतला होता. माझ्यासमोर भिंत होती आणि तिच्यावर एक कॅलेंडर. पन्हाळ्यावर मी जन्मात दोनदा गेलोय, तेही सहलीची पोरं मोजत; गडावरचं एकच नाव आठवत होतं.

“तीन दरवाजा दिसतोय,” मी म्हणालो.

“मग दमानं. तिथं उतार हाय.”

लगाम हातात जरासा ताणला गेला. मी चाल कमी केली.