हिवाळ्याची सुधारित प्रत

आमच्या प्रदेशात बर्फ पडत नाही, ही बाब प्रादेशिक अस्मिता समितीच्या निदर्शनास प्रथमच आली, तीही एका चित्रकारामुळे. मी समितीचा कारकून. इतिवृत्त मीच लिहितो; शब्द माझे, पाप समितीचं.

सभागृहात ‘आपला हिवाळा’ या विषयाचं चित्र लावायचं होतं. चित्रकाराने आणलेलं चित्र असं : करडं माळरान, कुंपणावर वाळत घातलेली पांघरुणं, धुक्यात अर्धं बुडालेलं बसकं घर.

“आईचं घर. रस्त्यात गेलं,” तो मला म्हणाला. “तिची नजर चाललीय हो. पुरतं दिसेनासं व्हायच्या आत तिला एकदा भिंतीवर दाखवायचंय.”

अध्यक्षांनी चष्मा पुसला. “सगळं ठीक, पण यात हिवाळा कुठाय?”

“थंडी आहे ना साहेब. धुकं बघा.”

“धुकं काय, कुठेही असतं. बर्फ हवा.”

“आपल्याकडे पडत नाही.”

“म्हणूनच चित्रात हवा. मंजूर नमुन्यात आहे.”

मंजूर नमुना म्हणजे समितीच्या लेटरहेडवरचा हिमशिखरांचा डोंगर. आधीच्या कारकुनाने तो बिस्किटांच्या डब्यावरून उतरवला होता, हे मला ठाऊक होतं. पण नमुना तीस वर्षं मंजूर होता आणि मी अजून कायम झालो नव्हतो. सबब गप्प बसलो.

बर्फ आला. एवढ्या बर्फात पांघरुणं वाळतील कशी, असं सदस्यबाईंनी विचारलं. मुद्दा बिनतोड, पांघरुणं गेली. बसकं छप्पर बर्फाचा भार सोसणार नाही, असं अभियंत्याने लेखी कळवलं. छप्पर उंच आणि उतरतं झालं, त्याला धुराडं आलं. धूर नीट दिसावा म्हणून धुकं पुसून टाकलं. दर खेपेला चित्रकार विचारी, “आईला ओळखू येईल ना हो?” आणि मी लिही, ‘चित्रकाराचे म्हणणे नोंदवले.’

उद्घाटनाला तो आईला हाताला धरून घेऊन आला. म्हातारी चित्राला नाक टेकेल इतकी जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

“छान आहे रे. कुणाचं घर?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चित्र मात्र तुफान गाजलं. अभिप्रायवही दुपारीच भरली. ‘डोळे पाणावले. लहानपणी याच बर्फात खेळलो’ हा मजकूर तर समितीने फ्रेम करून घेतला. त्याखालची सही, वाचकहो, तुमची आहे. मी पडताळून पाहिली.