सोवळ्यातला कॉम्प्युटर

नारायणरावांचा कॉम्प्युटर सोवळ्यात होता. देवघराशेजारच्या खोलीत टेबलावर, धुतलेल्या पंच्याखाली तो झाकून ठेवलेला असे. आंघोळ केल्याशिवाय ते स्वतः त्याला शिवत नसत, आणि दुसऱ्या कुणी शिवावं असा तर प्रश्नच नव्हता.

चूक खरं तर श्रेयसची. मशीन घरी आणलं तेव्हा त्यानं वडिलांना बजावलं होतं, "बाबा, याला व्हायरस लागतो बरं का. बाहेरचा पेनड्राइव्ह लावला, कुणी काहीबाही उघडलं, की लागलाच." नारायणरावांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. काय कशाला लागतं आणि कशापासून लांब ठेवायचं, हे तुळजापुरातल्या उपाध्यांना कुणी शिकवावं? पिढ्यान्‌पिढ्या दुसरं केलं काय होतं! अँटिव्हायरसची मुदत संपली तेव्हा त्यांनी तो पुन्हा घेतला नाही. सोवळं असताना त्याची गरज काय? अपडेट आला की त्याला ते दारातूनच हाकलत. "न बोलावता येतो आणि वर मलाच सांगतो, मशीन बंद करून उघडा! कोण हा टिकोजीराव?"

सगळ्यात जास्त जाच होता सुनेला. नीरजा धाराशिवच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिथं चाळीस-चाळीस पोरांना धडे द्यायचे आणि घरी आलं की स्वतःच्या घरातल्या कॉम्प्युटरकडं उंबऱ्याबाहेरून बघायचं. सुरुवातीला ती बोलून बघायची. पण सासऱ्यांचा आवाज चढला की सासूबाई, वनमालाबाई, डोळ्यांनी 'सोड गं' म्हणायच्या, आणि ती सोडून द्यायची.

एवढं जपण्यासारखं त्या मशीनमध्ये होतं ते म्हणजे यजमानांच्या वंशावळी. देवीच्या दर्शनाला आलेल्या माणसानं गाव आणि आडनाव सांगायचं, की उपाध्यांनी वही उघडून त्याच्या खापरपणज्यापर्यंतची नावं वाचून दाखवायची. पाच पिढ्यांनी लिहिलेल्या अशा अकरा वह्या घरात होत्या. पानांचा भुगा व्हायला लागला, तेव्हा नारायणरावांनी तीन वर्षं खपून, दोन बोटांनी, एकेक नाव कॉम्प्युटरमध्ये चढवलं. ते झाल्यावर वह्यांचं काय करायचं? जीर्ण झालेल्या पोथीचं करतात तेच. हळदकुंकू वाहून, नारळ ठेवून त्यांनी तेरला जाऊन अकराच्या अकरा वह्या तेरणेत विसर्जित केल्या. आता एकशे चौदा गावांची पिढीजात नावं होती ती फक्त त्या पंच्याखाली.

तो शुक्रवार होता. नीरजाच्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती, श्रेयस कामावर गेला होता. माकणीचे कोंडीराम आणि द्वारकाबाई हे जुने यजमान नातीचं नाव वंशावळीत घालून घ्यायला आले होते आणि ओसरीवर चहा पीत होते. नारायणरावांनी पंचा काढला, हात जोडले आणि माकणीची फाईल उघडण्याआधी तिथी बघावी म्हणून कुठलंसं पंचांगाचं पान उघडलं. त्यावर 'मोफत पत्रिका' असा चौकोन लुकलुकत होता. त्यांनी तो दाबला.

पडदा लालभडक झाला आणि आतून भोंगा वाजायला लागला. 'तुमच्या संगणकात पाच विषाणू सापडले आहेत. संगणक बंद करू नका. ताबडतोब खालील क्रमांकावर फोन करा.'

"नीरजा!" नारायणराव असे ओरडले, की कोंडीरामांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. "मशीनला हात कुणी लावला?"

"काय झालं, बाबा?"

"काय झालं म्हणून मलाच विचारतेस? पाच विषाणू निघालेत, पाच! शाळेतून आलीस की चपला कुठं काढतेस? तिकडचं सगळं या घरात आणून ओततेस!"

नीरजानं उंबऱ्याबाहेरूनच मान लांब करून पडद्याकडं बघितलं. "बाबा, ते खोटं आहे. लोकांना घाबरवून फोन करायला लावतात. मशीन बंद करा, बस."

"बंद करू नका म्हणून मराठीत लिहिलंय! तुला जास्त कळतं का त्याला?" असं म्हणून त्यांनी तो नंबर लावलासुद्धा.

पलीकडचा माणूस भलताच अदबीनं बोलला. "नमस्कार सर. अगदी वेळेवर फोन केलात. अजून अर्ध्या तासानं काहीच वाचलं नसतं."

नारायणरावांनी सुनेकडं विजयी नजरेनं बघितलं. "हे बघा, आमच्याकडं बाहेरचा माणूस मशीनला शिवत नाही. आधीच सांगून ठेवतो."

"हात लावायची गरजच नाही सर. मी इथूनच बघतो."

या एका वाक्यावर नारायणराव खलास झाले. त्यांनी तो सांगेल ते पान उघडलं, तो सांगेल ते दाबलं आणि पडद्यावर उमटलेले नऊ आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले. पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला.

"बघ," ते सुनेला म्हणाले, "न शिवता काम चाललंय. याला म्हणतात माणूस!"

"बाबा, तो चोर आहे! तुम्ही त्याला घरात घेतलंय. वायर काढा!" नीरजा आत यायला निघाली, तशी नारायणरावांनी एका हातात फोन धरून दुसरा हात दारात आडवा लावला. "खबरदार आत पाऊल टाकशील तर! चोर म्हणे. चोर कधी सर म्हणतो का?"

"सर," पलीकडून आवाज आला, "विषाणू तुमच्या बँकेपर्यंत पोचलाय. आत्ता मोबाइलवर एक मेसेज येईल. त्यातला आकडा तेवढा सांगा."

बँकेचं नाव निघालं, तसे नारायणराव जरा थबकले. समोरच्याची पारख करायची त्यांची एकच रीत होती. ती त्यांनी काढली. "तुमचं गाव कुठलं?"

"अं? कंपनीचं गाव नसतं सर."

"माणसाला तर असतं. आडनाव काय? आजोबांचं नाव काय?"

"ते सांगायची परवानगी नाही सर."

"आजोबांचं नाव सांगायला परवानगी लागते? कुणाची, आजीची?" नारायणरावांचा पारा चढला. साठ वर्षांत या घरात आलेल्या एकाही माणसानं आजोबांचं नाव लपवलं नव्हतं. "बापाचं तरी सांगशील का?"

"ए म्हाताऱ्या," अदब क्षणात गळून पडली, "आकडा सांग, न्हाय तर सगळं उडवतो."

"म्हातारा कुणाला म्हणतोस रे, बेवारशा!"

बाण सरसर पळायला लागला. पडद्यावर गावांच्या नावांच्या पिवळ्या फायली ओळीनं मांडलेल्या होत्या. एकेक नाव पुसून तिथं वेडीवाकडी अक्षरं यायला लागली. तेर गेलं. ढोकी गेली. नारायणरावांना बाण धरावासा वाटला; त्यांनी पडद्यावर पंचा टाकला, पंचा काढला, कीबोर्डवर मुठी आपटल्या. दारातला आडवा हात केव्हाच खाली आला होता, पण नीरजाच्या आधी आत घुसले ते कोंडीराम.

"आवं गुर्जी, आमची माकणी गेली की!" म्हणत त्यांनी टेबलाखाली हात घातला आणि सगळ्या वायरींचा जुडगा एका हिसक्यात भिंतीतून उपटला. पडदा काळा झाला.

"कोंडीराम!" नारायणराव किंचाळले. "धुळीच्या पायानं आत? सोवळ्यात आहे ते!"

"हिरीवरली मोटार जळाया लागली तर आमी आदी ष्टार्टर पाडताव. पाय मागनं धुताव," कोंडीराम शांतपणे म्हणाले.

नीरजानं कुणाला काही न विचारता खुर्ची ओढली. आधी बँकेत फोन करून सासऱ्यांचं खातं बंद करायला लावलं. मग इंटरनेटची वायर बाजूला काढून मशीन चालू केलं. पाच मिनिटं ती वाकून एकेक फाईल उघडून बघत राहिली. ती सरळ बसली तेव्हा तिचा चेहराच सगळं सांगत होता.

"काही राहिलं नाही, बाबा. हे मशीन आता आतून पूर्ण पुसावं लागेल."

नारायणराव भिंतीला टेकून खालीच बसले. तेरणेच्या पाण्यात हळदकुंकवासकट बुडत गेलेल्या वह्या त्यांना दिसायला लागल्या. आजोबांचं मोडी वळण, वडिलांची बारीक अक्षरं. पाच पिढ्यांनी राखलेलं त्यांनी स्वतःच्या हातानं, मंत्र म्हणून, नदीत सोडलं होतं आणि उरलेलं एका बेवारशाला आकडे वाचून दिलं होतं. त्यांचा राग पहिल्यांदाच स्वतःकडं वळला, आणि तो फार जड होता.

"आन आमची नात?" द्वारकाबाईंनी हळूच विचारलं. "तिचं नाव आता कशात घालायचं?"

नीरजा उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली ती कपाळाला आठ्या घालून, मुठीत एक पेनड्राइव्ह आणि काखेत स्वतःचा शाळेचा लॅपटॉप घेऊन. ती चिडली होती, चांगलीच.

"एकशे चौदाच्या एकशे चौदा गावं आहेत यात. दर शनिवारी तुम्ही दुपारी झोपलात, की मी आत येऊन कॉपी काढायची. अडीच वर्षं झाली. आईंना माहीत आहे, त्या दारात उभ्या राहायच्या. ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घ्या, मग मी लावते."

दारात येऊन उभ्या राहिलेल्या वनमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. नारायणराव उठले. अडीच वर्षं, दर शनिवारी, त्यांच्या घोरण्याच्या आडून त्यांचं सोवळं मोडलं गेलं होतं. त्यांचं नाक लाल झालं, शेंडी थरथरली.

"हात तरी धुतले होतेस का?"

"नाही. कधी कधी तर कणकेचे होते."

कोंडीराम दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले.

"लाव," नारायणराव म्हणाले.

पेनड्राइव्ह लागला. तेर आलं, ढोकी आली. माकणी उघडली आणि कोंडीरामांच्या पणजोबांचं नाव ठळक दिसलं, तशी द्वारकाबाईंनी लॅपटॉपलाच हात जोडले. नारायणराव चष्मा सावरून सुनेच्या खांद्यावरून वाकले. त्यांनी माकणी बघितली, तेर बघितलं, ढोकी खालपर्यंत नेऊन बघितली. आणि त्यांच्या कपाळावरची शीर पुन्हा टरारली.

"ढोकीची सतरा घराणी कुठं आहेत? रविवारपासून कालपर्यंत बसून लिहिलीत मी!"

"बाबा, ही कॉपी शनिवारची आहे. त्यानंतरचं यात कसं असेल?"

"शनिवारची?" नारायणराव कडाडले. "आठवड्यातून एकदाच? आणि म्हणे कॉम्प्युटर शिकवते! रोज हात लावायला काय झालं होतं तुला?"