दामूअण्णांचा अर्धा अँपिअर

भोरमध्ये माणसाला ताप आला तर बघायला पुष्कळ डॉक्टर आहेत. टॉर्चच्या सेलला ताप आला तर बघणारा एकच, आमच्या आळीतले दामूअण्णा. चार्जरमध्ये लावलेल्या सेलला ते दर अर्ध्या तासाने हाताची पालथी बाजू लावतात, डोळे मिटतात आणि ‘जरा कसर वाटतीय’ किंवा ‘आता अंग निवलं’ असे निदान सांगतात. शंका आलीच तर सेल गालाला लावून बघतात. जीभ तेवढी बघायची राहिली, असे मी एकदा गमतीने म्हणालो. अण्णांनी सेल उलटा केला, त्याचे टोक उजेडात धरून निरखले आणि म्हणाले, “स्वच्छ हाय.”

अण्णांनी टेलिफोन ऑफिसात तीस वर्षे काढली, तीही बॅटरीच्या खोलीत. तिथे हंड्याएवढ्या बॅटऱ्या रांगेने उभ्या असत. त्यांना पाणी घालायचे, त्यांची नोंद ठेवायची आणि त्यांना दमाने भरायचे, एवढेच काम. ‘दमानं’ हा शब्द त्यांना तिथेच लागला असावा. ते जेवतात दमाने, जिना चढतात दमाने. लग्नसुद्धा ‘दमानं करू’ म्हणता म्हणता राहून गेले.

निवृत्तीनंतर पुण्याच्या पुतण्याने त्यांना एका वेळी चार सेल बसतील असा चार घरांचा एक चार्जर आणून दिला. हल्ली डोंगरातल्या गावांत डोक्याला बांधायचे टॉर्च असतात. त्यांत अंगठ्याएवढा जाड लिथियमचा सेल असतो, तो भरायचा हा डबा. पुतण्या म्हणाला, “काका, हा फास्ट आहे.”

अण्णा म्हणाले, “जाळ मोठा केला की भाकरी वरनं करपती आन् आत कच्ची ऱ्हाती. ह्यो डबा मी मंदच चालवणार.”

चार्जरला एक छोटा पडदा आहे आणि एक बटण. अण्णांनी पहिल्याच दिवशी दोन्हींवर पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्याने बांधून टाकला. का, असे कोणी विचारले की सांगत, “पेशंटचा कागद पाव्हण्यांनी बघू न्हाई.” प्रत्येक सेलला जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पट्टी गुंडाळलेली. तिच्यावर गाव, नाव आणि स्वभाव. ‘आंबवडे. पाटील. चिडका.’ ‘हिर्डोशी. शेवंताबाई. हट्टी.’ यातला स्वभाव सेलचा की मालकाचा, हे त्यांनी कधी स्पष्ट केले नाही.

अण्णांच्या या डॉक्टरकीचा एकदा किकवीला कहर झाला. चुलतभावाच्या मुलाचे लग्न होते. मांडवाच्या कोपऱ्यात फोटोग्राफरने कॅमेऱ्याची जादा बॅटरी फास्ट चार्जरला लावून ठेवली होती. अण्णांनी जाता जाता सवयीने हात लावला. बॅटरी चांगलीच गरम होती. त्यांनी ती हलकेच काढली आणि माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याच्या घडीत निववायला ठेवली. मग ते निश्चिंत मनाने अक्षता घेऊन बसले. तिकडे मंगलाष्टकांच्या वेळी कॅमेऱ्यातली बॅटरी संपली आणि दुसरी काही सापडेना. फोटोग्राफरने वऱ्हाडाचे खिसे तपासायचे तेवढे बाकी ठेवले. लग्नाच्या अल्बमात आज हळद आहे, जेवणे आहेत, पाठवणी आहे, फक्त लग्न नाही. भावकी अजून बोलते. अण्णांचे उत्तर ठरलेले असते, “फोटू न्हाई, पन लगीन टिकलंय का न्हाई? बॅटरीबी टिकली.”

बाजाराच्या दिवशी मात्र अण्णांचा ओटा बघण्यासारखा असे. सकाळी दहाच्या सुमाराला वरच्या गावांच्या गाड्या येत. माणसे आधी अण्णांकडे सेल टाकत, मग बाजार करत आणि बारापासून ओट्यावर येऊन बसत. कारण अण्णांच्या डब्यातून सेल बाहेर पडायला चार वाजत. हिर्डोशीकडची परतीची गाडीही चारच्या पुढेच. तोवर ओट्यावर चहा होई, भाताच्या रोपांची चर्चा होई, कोणाच्या सुनेचे, कोणाच्या म्हशीचे निघे. अण्णा चहा गाळत मध्ये बसत.

शेवंताबाई त्या मैफलीच्या मुख्य. साठीच्या पुढची बाई, आवाज डोंगरावरून हाक मारायच्या सवयीचा. “आण्णा, तुमच्या डब्यात शेल भरत्यात का मेथी उगवती? सकाळधरनं बसलोय आमी.”

“दमानं, शेवंताबाई. डबाच तसला हाय. अर्ध्या अँपिअरचा. त्याच्या म्होरं त्यो जात न्हाई.”

“मालकावं गेलाय!”

ओटा हसे. अण्णा सगळ्यांत जास्त हसत.

आता मी या ओट्यावर कसा पोचलो ते सांगतो. मी शाळेत मराठी शिकवत असे. मागच्या वर्षी माझी पत्नी नलिनी गेली. तिचा एक टॉर्च होता. दिवे गेले की मी पुस्तक उघडे धरून तसाच अंधारात बसत असे आणि ती काही न बोलता टॉर्च माझ्या पानावर धरी. तो टॉर्च तिच्या उशाशी तसाच राहिला होता. सेल भरून आणावा, म्हणून मी एका बाजाराच्या दिवशी अण्णांकडे गेलो. मग दर बाजारी जाऊ लागलो.

मला छापलेला कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. चार्जरची माहितीपुस्तिका अण्णांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती. ती मी पहिल्याच महिन्यात वाचली. डबा अर्ध्या अँपिअरवर चालतो, एकवर चालतो आणि दोनवरही चालतो. म्हणजे नळ किती सोडायचा तेवढाच प्रश्न. या सेलना एक अँपिअर तर अगदी मानवतो. सहा तासांचे काम तीन तासांत होते. मी अण्णांना एकांतात हे सांगितले.

अण्णांनी चहाची किटली खाली ठेवली. “मास्तर, छापलेलं सगळं खरं अस्तं का?”

तीस वर्षे मी मुलांना उलटे सांगत आलो होतो. पण त्यांचा चेहरा बघून मी “नाही” म्हणालो आणि पुस्तिका परत पायाखाली सरकवली.

मग यंदाच्या पावसाळ्यातला तो दिवस आला. शेवंताबाई सकाळी दहाला आल्या, त्या ओट्यावर टेकल्याच नाहीत. घाटाकडे दरडी सुटू लागल्या होत्या. चारची गाडी जाणार नव्हती, साडेबाराची शेवटची. त्यांच्या वाडीत चार दिवस वीज नव्हती आणि सुनेचे दिवस भरले होते.

“आण्णा, पोरीला राती काय झालं तर तिला डोलीत घालून रस्त्यापतूर आणाय लागंल. घरात येक टार्च हाय. त्योबी मेलाय. जेवढा भरंल तेवढा भरा.”

अण्णांनी घड्याळाकडे पाहिले, मग सेल टाकायला आलेल्या चार-पाच माणसांकडे. त्यांनी दोरा सोडला, पुठ्ठा काढला आणि सगळ्यांच्या देखत बटण दाबले. एकदा दाबले, पुन्हा दाबले. पडद्यावर दोनचा आकडा आला.

पुढचे पावणेदोन तास अण्णा जागचे हलले नाहीत. एक बोट सेलवर, दुसऱ्या हातात तोच पुठ्ठा, आणि त्याने वारा घालणे. चहासुद्धा मी केला. “ताप हाय,” ते म्हणत, “पन सोसंल. पोर दमाचं हाय.” बाराला सेल भरला. शेवंताबाईंनी तो पदराच्या गाठीत बांधला आणि पिशवीही न आवरता त्या स्टँडकडे निघाल्या.

त्या वळणाआड गेल्यावर आंबवड्याचे पाटील हळूच म्हणाले, “म्हंजी आण्णा, ह्यो डबा जोरात बी पळतो व्हय?”

अण्णा पुठ्ठ्याकडे बघत बसले.

झाले. पुढच्या बाजारी प्रत्येक जण येताच म्हणाला, “आण्णा, दोनवर टाका.” अण्णांनी टाकले. माणसे बाजार करून आली, उभ्या उभ्या सेल घेतले आणि गेली. कोणाचे काही चुकले नव्हते, कामे सगळ्यांनाच असतात. साडेबाराला ओट्यावर मी, अण्णा आणि किटलीभर चहा उरलो.

“मास्तर,” अण्णा म्हणाले, “मला का ठावं नव्हतं? जल्माचा बॅटरीवाला मी. पन त्या खोलीला खिडकी नव्हती बघा. समद्या भोरची बोलनी माझ्या बॅटऱ्यांवर चालायची. लग्नं ठरायची, भांडनं व्हायची, पोरं मुंबैस्नं आयांशी बोलायची. आन् मी दाराआड बसून नुस्ती घूंऽऽ ऐकायचो. म्हटलं, आता जरा बोलनीबी ऐकावीत.”

मी दुसरा कप चहा घेतला. पहिलाच जात नव्हता.

असे तीन बाजार गेले. चौथ्या बाजारी शेवंताबाई आल्या. एका हातात नाचणीच्या पिठाची पुरचुंडी, दुसऱ्या हातात सेल. नात झाली होती. घरातच, त्याच टॉर्चच्या उजेडात, आणि सकाळ झाली तरी टॉर्च जळत होता. हे सगळे त्यांनी अण्णांना सांगितले, ते पलीकडच्या आळीलाही ऐकू गेले.

अण्णांनी सेल घेतला आणि मुकाट्याने बटणाकडे हात नेला.

“त्ये काय करताय?” शेवंताबाई कडाडल्या. “दोनवर नगं. अर्ध्यावर लावा.”

“आवो, घाई आसंल तुमाला. घरी बाळंतीन…”

“घरी तिची आई आलीय. दोघीतिघी हायती. मला काय घाई न्हाई. आन् त्या दिशी तुमी शेलाला ताप आनलाय, त्यो आजून उतरला न्हाई म्हनून लावा अर्ध्यावर.” मग त्या भिंतीला टेकून बसल्या आणि पाटलांकडे वळल्या. “तुमीबी बसा की. बायकू पुसती तरी का घरी तुमाला?”

पाटील बसले. त्यांच्या मागोमाग किकवीचे दोघे बसले. अण्णांनी घाईघाईने किटली उचलली. त्यांना घाई करताना मी तेवढेच एकदा पाहिले. आत जाता जाता त्यांनी पुठ्ठा शोधला, पण तो कुठे दोऱ्याने बांधायला वेळ? नुसताच पडद्यावर ठेवून ते चहा टाकायला गेले.

वारा आला आणि पुठ्ठा खाली पडला. तो ठेवायला मी वाकलो. चार घरांत चार सेल. तीन घरांपुढे आकडे हळूहळू चढत होते. चौथ्या घरात नलिनीचा सेल होता. मी तो नुकताच, पाच मिनिटांपूर्वी दिला होता. त्याच्यापुढे पूर्ण भरल्याची खूण केव्हाच स्थिर झालेली होती.

साहजिकच होते. तो टॉर्च मी वर्षभरात एकदाही लावला नव्हता.

सेलच्या पट्टीवर अण्णांचे वळणदार अक्षर होते. ती पट्टी मी आजवर कधी वाचली नव्हती, हे मला, छापलेले सगळे वाचणाऱ्याला, तेव्हा कळले. शाई जुनी, फिकट झालेली होती. पहिल्या दोन-तीन खेपांतलीच असावी.

‘मास्तर. भरलेलाच येतो. चारपतूर ठेवणे.’

मी पुठ्ठा पडद्यावर नीट ठेवला आणि या वेळी दोऱ्याने बांधला. अण्णा कप घेऊन आले. त्यांनी चारही सेलना क्रमाने हाताची पालथी बाजू लावली. माझ्या सेलपाशी जरा जास्त वेळ थांबले, डोळे मिटले.

“मास्तर, ह्याला येळ लागंल,” ते म्हणाले. “बसा.”

मी बसलो.