तेविसांत सतरावा

हौशीरामनं ट्रॉली मागं घेतली आणि न्हाणीची भिंत धाडकन पडली. आत कोणी नव्हतं, हे नशीब.

"पडू द्या," मागं उभी असलेली त्याची बायको सिंधूबाई म्हणाली. "काल गोठ्याचा खांब मोडला, आज निस्ती भिंत. सुधारताय तुमी."

कासुर्डीच्या माळावर दरवर्षी ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घ्यायची स्पर्धा भरायची. दोन्ही बाजूंना बाटल्या मांडलेल्या. एकही न पाडता मधून ट्रॉली मागं न्यायची. केंदूरचा हौशीराम सलग तीन वर्षं शेवटचा आला होता. यंदा शेजारच्या गेणबानं त्याला चारचौघांत शब्दात पकडलं. "औंदाबी शेवटचा आलास, तर पुन्यांदा रिव्हर्सला हात लावायचा न्हाई. ट्रॉली मागं घ्यायची आसंल तवा मला हाक मारायची!" हौशीराम तावातावात "व्हय" म्हणून बसला.

तेव्हापासून महिनाभर सिंधूबाई रोज ट्रॉलीमागं उभी. "येऊ द्या, येऊ द्या... स्टेरिंग डावीकडं... आवं, तुमचं डावं!" पाण्याचं पिंप गेलं, गेणबाच्या गाडीचा आरसा गेला, पण बाईचा धीर काही खचला नाही.

स्पर्धेला तेवीस जण आले. ट्रॅक्टर आयोजकांचा, सगळ्यांना एकच. हौशीरामचा नंबर शेवटचा, गेणबाचा तिसरा. गेणबा निम्म्यावर आला आणि त्याची ट्रॉली तिरकी व्हायला लागली. सिंधूबाईला राहवेना.

"गेणबा भावजी, घाबरू नगा! स्टेरिंग उजवीकडं! येऊ द्या!"

ट्रॉली सरळ झाली. एकही बाटली पडली नाही.

"अगं, त्यो आपला दुश्मन हाय!" हौशीराम कळवळला.

"आसंल. पर त्येंचं तोंड बघितलं का? रडायचं बाकी व्हतं."

मग काय, जो तो ट्रॅक्टरवर चढला की आधी तिला शोधायचा. "मावशी, आमच्याकडंबी बघा!" पंच धावत आले. "बाई, शिकवायचं नाही!"

"मी कुठं शिकिवतीय? धीर देतीय."

नियमांच्या कागदात धीराबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. पंच कागद उलटापालटा करून परत गेले.

शेवटी हौशीराम ट्रॅक्टरवर बसला. सिंधूबाईनं तोंड उघडलं, पण नुसती हवाच आली. घसा पार बसला होता. ते पाहून बावीसच्या बावीस गडी उपकार फेडायला पुढं सरसावले. "डावीकडं!" "उजवीकडं!" "दाबा!" "थांबा!" दोन बाटल्या आडव्या झाल्या. हौशीरामनं ब्रेक मारला, गळ्यातला टॉवेल कानांवरून करकचून बांधला आणि मान मागं वळवली. गर्दीच्या पुढं सिंधूबाई सावकाश हात हलवत होती. त्या दोन हातांकडं बघत त्यानं ट्रॉली शेवटपर्यंत नेली.

गेणबा पहिला आला. हौशीराम तेविसांत सतरावा. निकाल ऐकून तो हलगीपुढं असा काही नाचला, की पाहुण्यांनी पहिल्या नंबरचा हार त्याच्याच गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "चावी द्या."

"कशाला?"

"फुडल्या साली मी उतरणार हाय."

शेतात ट्रॅक्टर पुढं चालवायला तिला येतच होतं. "अगं, पर रिव्हर्स लई अवघड आसतंय," समजावत हौशीराम ट्रॉलीमागं जायला निघाला. "भिऊ नगं, मी हाय..."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ट्रॉली एका दमात छपराखाली जाऊन उभी राहिली. तिथं अंड्यांवर बसलेली कोंबडी जागची हललीसुद्धा नाही.