पाणी आलं तं कुठी जासान?

आमचे शेजारी वामनराव कोणाला रामराम करत नाहीत. माणूस समोर दिसला की विचारतात, "पाणी आलं तं कुठी जासान?" एकदा पंगतीत त्यांनी नवरदेवालाच विचारलं. तो घास गिळून म्हणाला, "टेकडीवर."

उत्तर तेवढंच आहे. आमचं गाव धरणाच्या खाली, आणि वामनरावांची सारी नोकरी धरणावर पाण्याची पातळी वाचण्यात गेली. त्यांची एक वही आहे. पूर आला तर कोणी कोणाला घेऊन टेकडी चढायची, ते तिच्यात लिहिलेलं.

त्यांनी पहिली रंगीत तालीम घेतली तेव्हा मी नवी नवरी. मॅट्रिक झालेली, म्हणून स्वतःला फार हुशार समजायची. त्यांची शिट्टी वाजली आणि मी सगळ्यांच्या आधी टेकडीवर. काखेत लोणच्याची बरणी.

"वयनी, तुमच्या नावापुढं सासूबाई हायेत. त्या कुठी?"

त्या खाली ओसरीवर, मला शिव्या देत बसलेल्या. वामनरावांनी 'सासू' खोडून 'बरणी' लिहिलं. सासूबाई जावेच्या नावापुढे गेल्या. आम्हा दोघींनाही बरं वाटलं.

यंदा एका सकाळी धरणाची दारं उघडली, भोंगा झाला, पाठोपाठ वामनरावांची शिट्टी. आम्ही वहीप्रमाणे टेकडीवर. वही त्यांनी सरपंचबाईंकडे दिलेली. बाईंनी हजेरी घेतली. एकही नाव राहिलं नाही. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, शिट्टी अजून खालूनच वाजतेय.

वामनरावांचे गुडघे गेलेत. बायको वारली, मुलगी अकोल्याला. आणि वहीत त्यांचं नावच नाही.

नदी अजून पाराच्या खाली होती. मी नातीला स्कूटी काढायला लावली. वामनराव ओसरीवर, मांडीवर भरलेली पिशवी.

"वयनी, तुमी खाली काहून आल्या? नियम तोडला."

"तुमचं नाव कोनाच्या पुढं हाय?"

"मले कोन उचलनार? मनून लिवलंच नाई." पातळी सांगावी तसं सांगितलं.

तिघं एका स्कूटीवर बसून टेकडी चढलो. मध्ये वामनराव, शिट्टी चालूच.

पाणी शाळेच्या पायरीला लागून परत गेलं. दुसऱ्या दिवशी मी वही मागितली आणि 'बरणी'च्या खाली 'वामनराव' लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"वयनी, धावपळीत दोनातलं एकच उचलता येते."

"पाहू," मी म्हटलं. "येंदा लोनचं कसं मुरते, त्याच्यावर हाये."